नकाशावर पांढरी राहिलेली गल्ली

वायर जळल्याचा वास दाताला बसतो. ज्याने तो रोज घेतला नाही त्याला हे पटायचं नाही. चूळ भरा, मिठाने दात घासा, पेरूचं पान चावा, तो जात नाही. जेवायला बसलं की भाजीची चव लागायच्या आधी तो लागतो. आणि तो गोडसर असतो. मला सगळ्यांत किळस त्या गोडसरपणाची यायची. कडू असता तर थुंकून टाकता आला असता.

देवळीत आमचं घर गल्लीच्या अगदी शेवटी. मागे कमरेएवढी भिंत आणि भिंतीपलीकडे पडीत जागा. मी लग्न होऊन आले तेव्हा तिथे बाभळी होत्या, आणि पावसाळ्यात तरोटा उगवायचा. गल्लीतल्या बाया ओटीत भरभरून ती भाजी खुडून आणायच्या. नंतर एका कबाड्याने ती जागा भाड्याने घेतली. सुरुवातीला टिनाचे डबे, बाटल्या, रद्दी. त्याचं कोणाला काही वाटलं नाही. मग त्याच्याकडे वायरी यायला लागल्या. विहिरीवरच्या मोटारींच्या, टीव्हीच्या, जुन्या घरांच्या भिंतींतून उपटलेल्या. लाल, हिरवे, काळे गुंताळे. वायर सोलत बसायला वेळ लागतो. जाळली की वरचं प्लास्टिक निघून जातं आणि तांबं मोकळं होतं. लोक दिवाबत्ती करायचे त्या वेळी तो गुंताळ्यांवर जळकं ऑइल ओतायचा आणि काडी लावायचा.

ज्वाला कडेला हिरवी दिसायची. पोरं ती बघायला भिंतीवर चढून बसत. मी माझ्या मुलीला दंड धरून आत ओढून आणायची.

त्या काजळीसारखी घाण वस्तू मी दुसरी पाहिली नाही. चुलीची राख झटकली की जाते. ही झटकली जात नसे. बोटाने पुसली तर पसरायची, तुपकट, जणू कोणी डोक्याचं तेल काढून तुळशीच्या पानांना लावलं आहे. दोरीवरच्या लुगड्यांवर ठिपके पडायचे आणि धुताना त्यांचे डाग व्हायचे. एका उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरड्या घातल्या होत्या. संध्याकाळी वर गेले तर प्रत्येक कुरडीच्या वळ्यांत काळी बारीक किनार बसलेली. शेजारणीच्या म्हशीला त्या टाकल्या. म्हैस चवीने खात होती, आणि दूध आम्ही तिच्याचकडून घ्यायचो.

मी बोलणारी बाई नाही. चौथीपर्यंत शिकले आणि घरी बसले. परकं माणूस दारात आलं की आजही माझे पाय आपोआप आतल्या खोलीकडे वळतात. नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला जायचा, तो घरी आला की जेवून झोपायचा. घरातलं सगळं बोलणं सासू करायची. तिला मी आत्याबाई म्हणायची. गल्लीही तिला आत्याबाईच म्हणायची. कबाड्याशी तिचं भिंतीवरून रोजचं चालायचं.

"काऊन रे बाप्पा, आमाले जित्तंच जाळतं का आता?"

"आत्याबाई, आज वारा तिकडं हाय."

"तिकडं म्हंजे कोनीकडं?"

"तुमच्याकडं नाई, तिकडं."

"मंग माह्या नाकाले येऊन सांग नं तसं. त्याले तं काईच समजून नाई राह्यलं."

कबाडी हसायचा आणि भिंतीवरून काहीतरी पुढे करायचा. बहुतेक वेळा सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले तुकडे. आमच्याकडे चुलीत पऱ्हाटी जळायची, म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरतात त्या काड्या. पावसाळ्यात त्या ओल्या असल्या की पेट घेत नाहीत. ट्यूबचा एक तुकडा खाली ठेवला की मात्र फर्रकन पेटतं. कबाड्याने असे तुकडे घरोघर वाटून ठेवले होते. एखादी बाई भांडायला आली की ती ट्यूबचा गुंडाळा घेऊन परत जायची. आमच्या घरी जिन्याखाली एक टोपलंच भरलेलं असायचं. आत्याबाई त्याला देवाच्या उदबत्तीसारखं जपायची.

आणि गल्लीचा स्वतःचा धूर होताच. सकाळी प्रत्येकीने आपलं अंगण झाडायचं, केर दारासमोर गोळा करायचा आणि त्याला काडी लावायची. त्यात पाला असायचा, पण त्याहून जास्त प्लास्टिकच्या पन्न्या, गुटख्याच्या पुड्या, विंचरलेल्या केसांचे गुंते, फाटकी चप्पल. तो ढीग कधी नीट पेटायचा नाही. दुपारपर्यंत नुसता धुमसत राहायचा, आजारी कुत्र्यासारखा दारात पडून. थंडीत गल्लीतले पुरुष कोपऱ्यावर टायर पेटवून शेकायचे आणि सकाळी त्यांच्या नाकातून काळं निघायचं. ते तिथेच भिंतीला पुसायचे. मला या सगळ्याची घाण वाटायची. पण याला कोणी धूर म्हणत नसे. धूर म्हणजे कबाड्याचा.

मुलीचं लग्न आर्वीला झालं. पहिल्या खेपेला दिवस गेले तेव्हा आमच्याकडे आनंद झाला, कारण पहिलं बाळंतपण माहेरी असतं. मी जुन्या लुगड्यांची दुपटी शिवायला घेतली. मग विहीणबाई एकदा बोलणं करायला आल्या. चहा झाला, बोलणं झालं, आणि त्या निघणार तेवढ्यात मागे काडी लागली. घर भरलं. त्यांनी पदर नाकाला लावला तो काढलाच नाही. पदरामागूनच बोलल्या.

"हे रोजचं हाय का वं तुमच्याकडं?"

आत्याबाई म्हणाली, "रोज नाई. वायरी आल्या तं."

"मंग मी पोरीले इथं नाई पाठवत. बाळंतीण अन् लेकरू या धुरात ठेवू का? बाळंतपण आमच्याकडंच होईल. वाईट नका वाटून घेऊ."

वाईट वाटून घेऊ नका म्हणाल्या. मी उंबऱ्याच्या आत उभी होते. माझ्या मुलीचं पहिलं बाळंतपण माझ्या हातून होणार नाही, हे मला तेव्हा कळलं आणि त्या बाईचा राग येण्याऐवजी माझ्या स्वतःच्या घराची शिसारी आली. तिचं म्हणणं खरं होतं. माझ्या घरात ओकारी येते, हे पाहुणीने पदर लावून सांगितलं होतं. दुपटी मी गुंडाळून पेटीत ठेवली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी नागपूरहून एक मॅडम आली. माझ्या मुलीपेक्षा थोडी मोठी असेल. धुरावर शिकत होती. धुरावरही कोणी शिकतं हे मला तेव्हा समजलं. लहान गावांत लोक काय जाळतात आणि त्यातून कोणते विषारी वायू तयार होतात, याचा तिचा अभ्यास होता. आमचं घर कबाड्याला सगळ्यांत जवळचं, म्हणून आमच्या गच्चीवर तिने हवा ओढणारं एक यंत्र ठेवलं. ते दिवसरात्र घरघर करायचं. आत पांढरा कागद होता. हवेतली काजळी त्यावर बसणार होती.

मला वाटलं, आता होईल. आता या कागदावर ती घाण चिकटेल आणि कोणाला नाही म्हणता येणार नाही.

पण यंत्र आलं ती बातमी अर्ध्या तासात गल्लीभर झाली. कबाडी स्वतः बघायला आला, मॅडमला नमस्कार केला, यंत्र कसं चालतं ते विचारलं, आणि यंत्र होतं तितके दिवस त्याने काडीसुद्धा लावली नाही. बायांचं तर विचारू नका. नागपूरची पाहुणी गल्लीत बसलेली, तिच्यासमोर घाण धूर कसा काढायचा? प्रत्येकीने जपून ठेवलेली सुकी बाभळीची लाकडं काढली. केर टोपल्यात भरून नाल्यापलीकडे नेऊन टाकला. एकीने तर मावसबहिणीचा गॅस उसना आणला आणि दार उघडं ठेवून त्यावर चहा केला, सगळ्यांना दिसावा म्हणून. आमच्या आत्याबाईने ट्यूबचं टोपलं गोधडीखाली झाकलं आणि घरात ऊद जाळला.

मॅडमने कागद काढून उन्हात धरला. जरासा भुरकट झाला होता.

"काकू," ती मला म्हणाली, "तुमच्या गल्लीत चिखलदऱ्याची हवा आहे."

आत्याबाई हसली. मला हसू आलं नाही. भिंतीपलीकडे वायरींचा ढीग तसाच वाढत होता आणि कागद पांढरा होता.

यंत्रावर नजर ठेवायला म्हणून मॅडम माझ्या स्वयंपाकघरात बसायची. मी बोलत नसल्यामुळे ती दोघींचं बोलायची. तिच्याशी मला तेवढं अवघड वाटलं नाही, कारण ती उत्तराची वाट बघत नसे. तिने मला ते विष कसं बनतं ते सांगितलं. मी ते विसरू शकत नाही.

ती म्हणाली, "विष वायरीत नसतं, काकू. वायरीवरच्या प्लास्टिकमध्ये क्लोरीन असतं. मिठातही असतं ते, तिथे बिचारं गप्प बसतं. पण प्लास्टिक धुमसलं, अर्धंमुर्धं जळलं, की काजळी तयार होते आणि क्लोरीन मोकळं होतं. शिवाय आत तांबं असतं. तांबं या दोघांची सोयरीक जमवतं. धूर वर जाऊन गार व्हायला लागला की त्यांचं जुळतं आणि नवीनच वस्तू जन्माला येते. ती आधी वायरीत नव्हती, ऑइलमध्ये नव्हती, कुठेच नव्हती."

मी चहात दूध घालत होते. 

"मोठी आग असली, भट्टीसारखी, तर ते पुष्कळसं तुटून जातं. मंद आग वाईट. धुमसणारी. जितकं कमी जळेल तितकं जास्त बनतं. तांबं पाहिजेच असं नाही, तांब्याने नुसती घाई होते. बाकी केराच्या ढिगातसुद्धा बनतंच."

मग तिने पुढचं सांगितलं. की ते पाण्यात विरघळत नाही, पावसाने वाहून जात नाही. गवतावर बसतं. गवत म्हैस खाते. म्हशीच्या चरबीत ते साठतं, तिथून दुधात येतं, दुधातून सायीत जातं. बाईच्या अंगात गेलं तर तिच्या अंगावरच्या दुधात उतरतं.

माझ्यासमोर दुधाचं पातेलं होतं. त्यावर जाड साय धरली होती. लहानपणापासून मला साय आवडायची, बोटाने गोळा करून खायची. त्या दिवशी त्या सायीकडे बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं, उलटीच्या आधी सुटतं तसं. मी चहा तिच्यासमोर ठेवला आणि मोरीत जाऊन उभी राहिले. स्वयंपाक मला कळतो. काय कशात घातलं, आच किती दिली, की काय होतं, एवढंच माझं ज्ञान. आणि ही मुलगी मला सांगत होती की माझ्या घरामागे रोज संध्याकाळी स्वयंपाक होतो. करणाऱ्याला काय शिजतंय ते माहीत नाही, आणि खाणारे आम्ही.

यंत्राने काही पकडलं नाही म्हणून मॅडम निराश झाली नाही. ती म्हणाली, "मॉडेल करू." तिने मला समजावलं. काय जळतं, अंदाजे किती, कसं जळतं, कोणत्या वेळी, वारा कुठून कुठे जातो, हे सगळं कॉम्प्युटरला सांगायचं. मग तो हिशेब करून नकाशा काढतो. धूर कुठे जास्त उतरेल, कुठे कमी, रंगाने दाखवतो. एखादी आग बंद केली तर काय होईल, तेही दाखवतो. "पण काकू, त्याला डोळे नसतात. मी सांगेन तेच तो धरून चालतो. आणि मी तेच सांगणार, जे तुम्ही मला सांगाल."

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर गल्लीतल्या बाया जमल्या. मॅडमने कबाड्याचं विचारलं आणि सगळ्या एकदम सुटल्या.

"वायरी तं वायरी, पलंगाच्या गाद्या जाळते तो!"

"मागं तं मेलेलं डुक्कर टाकलं होतं त्याच्यात."

"चूप बस वं. डुक्कर कवा टाकलं?"

"वास तसाच होता नं!"

"ऑइल किती ओतते, डब्बाभर. मी सोता पाह्यलं."

मॅडम हसत हसत लिहून घेत होती. मग तिने विचारलं, "आणि तुम्ही चूल कशाने पेटवता?"

 मग शेजारीण म्हणाली, "काडीनं." दुसरी म्हणाली, "थोडं मातीतेल." आमची आत्याबाई म्हणाली, "गवरी अन् कापूर."

कापूर! मी आतून ऐकत होते आणि माझ्या पाठीमागे, जिन्याखाली, गोधडीखालून त्या ट्यूबांचा वास येत होता.

"पन्नी, रबर वगैरे?"

"छ्या! चुलीत? अन्न शिजते तिथं."

"झाडलेला केर कुठे जातो?"

"नाल्यापलीकडं. तुमी पाह्यलं नं, माय."

तिने पाहिलं होतं. यंत्र होतं तेव्हा केर खरंच नाल्यापलीकडे जात होता. थंडीतल्या टायरचा तर विषयच निघाला नाही, तो पुरुषांचा. मला कोणी काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी सासूच्या तोंडावर, गल्लीसमोर, माझ्या तोंडून शब्द फुटला नसता. मी दाराआड उभी होते आणि त्या हसणाऱ्या, पदर सावरणाऱ्या बायांकडे बघत होते. सगळ्यांची तोंडं घासलेल्या भांड्यासारखी लखलखीत. पाहुणीपुढे घर स्वच्छ दाखवायचं, यात त्यांना काही खोटं वाटतच नव्हतं. खरकटं झाकून ठेवतात, तसं.

पावसाळा संपता संपता नकाशे आले. दोन होते. एकावर कबाडी जाळतो आहे असं धरलं होतं. त्यात त्याच्या जागेवर लाल डाग, आमच्या घरावर नारिंगी, गल्लीवर पिवळा. दुसऱ्यावर कबाडी उठून गेला असं धरलं होतं. त्यावर नुसत्या घरांच्या चौकटी होत्या आणि सगळी गल्ली पांढरी, कोऱ्या कपाळासारखी. मॅडमने सांगितलं की हा अंदाज आहे, सांगितलेल्या माहितीवर आहे. ते कोणी ऐकलं नाही. किराणा दुकानाच्या भिंतीवर पांढरा नकाशा चिकटवला गेला आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवला जाऊ लागला. "हे पाहा, आमची गल्ली. सारा घोळ त्या कबाड्याचाच."

पुरुष दोन्ही नकाशे घेऊन कचेरीत गेले, पुन्हा गेले, जागेच्या मालकाला भेटले. शेवटी कबाड्याने बस्तान हलवलं. नाल्याच्या पलीकडे, लांब, जिथे घरं नाहीत तिथे. जाताना तो भिंतीपाशी आला आणि उरलेल्या ट्यूबांचं एक गाठोडं आत्याबाईच्या हातात दिलं.

"राग नाई धरला, आत्याबाई. हे ठेवा, पावसापान्याचं कामी येईल."

"जाय बाप्पा, सुखानं जाय," आत्याबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. मला दोघांचीही किळस आली.

तरी खरं सांगते, आनंद झाला. मी भिंत घासली, तुळस धुतली, खिडकी उघडी ठेवून झोपले. नवऱ्याने कोपऱ्यावरच्या पीसीओवरून आर्वीला फोन केला आणि मग स्वतः जाऊन विहीणबाईंना सांगितलं की कबाडी गेला, नकाशावर आमची गल्ली पांढरी आहे, नकाशा दुकानात लावला आहे, येऊन बघा. त्या आल्या. नकाशासमोर उभ्या राहिल्या, बोटाने आमच्या घराची चौकट शोधली. नाकाला पदर न लावता आमच्याकडे जेवल्या. निघताना म्हणाल्या, "पाठवते पोरीले."

मुलगी आली. थंडी सुरू झाली होती. मी पेटीतून दुपटी काढली. मुलगी झाली तिला, माझी नात, केसाळ डोक्याची. घर उजळलं, असं लिहावंसं वाटतं, पण मला आठवतो तो तिच्या नाकातला काळेपणा.

पाचवी झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कापसाची वात करून तिचं नाक पुसलं. वातीचं टोक काळं झालं. मला वाटलं काजळ लागलं असेल. दुसऱ्या नाकपुडीत नवी वात घातली, तीही काळी. तुपकट काळी. बोटांत चोळली तर पसरली. तो स्पर्श मला ओळखीचा होता. गच्चीवरच्या कुरड्यांवरचा, तुळशीवरचा. कबाडी तर केव्हाचा गेला होता.

बाळंतिणीला आमच्याकडे अंघोळीनंतर शेक देतात. बाजेखाली शेगडी ठेवायची, तीत निखारे, त्यावर ओवा आणि बाळंतशेपा. बाज चारही बाजूंनी लुगड्यांनी झाकायची म्हणजे ऊब आत कोंडून राहते. खोलीचं दार लावायचं, खिडकी लावायची. आई आणि लेकरू त्या उबेत पडून राहतात. शेगडीचं काम आत्याबाईचं होतं, त्याला ती कोणाला हात लावू देत नसे. त्या दिवशी मी वात हातात घेऊन खोलीत गेले तेव्हा ती शेगडी भरत होती. खाली गवऱ्यांचे तुकडे, वर ओलसर पऱ्हाटी. आणि मधे, तिच्या बोटांनी नीट दडपलेला, ट्यूबचा काळा तुकडा. तिने काडी लावली, फुंकर घातली, ज्वाला उठल्याबरोबर बसू दिली, ओव्याची मूठ टाकली आणि ते धुमसणारं भांडं माझ्या मुलीच्या बाजेखाली सरकवलं. ओव्याच्या वासाखालून तो दुसरा वास आला. गोडसर.

मला मॅडमचं बोलणं आठवलं. जितकं कमी जळेल तितकं जास्त बनतं. बाजेवर माझी मुलगी डोळे मिटून पडली होती आणि लेकरू तिच्या छातीला लागलं होतं. लुगड्यांच्या आत. दार बंद.

मी वाकून शेगडी ओढली. कडा तापली होती, पदर हातात घेऊन उचलली. आत्याबाई माझ्याकडे बघतच राहिली.

"काय करून राह्यली वं?"

मी अंगणात नेऊन शेगडी ठेवली आणि तिच्यावर वाळू ओतली. आत्याबाई मागोमाग आली.

"शेक बंद करतं बाळंतिनीचा? वात धरन तिले! मी तीन बाळंतपनं काढली या हातानं, अन् तू मले शिकवतं?"

"ट्यूब हाय त्याच्यात," मी म्हणाले.

"मंग? सगळे लावते!"

"म्हणूनच."

मी जिन्याखालून टोपलं काढलं, गाठोडं काढलं, आणि दोन्ही नेऊन मागच्या भिंतीपलीकडे फेकली. जाळली नाहीत. आत्याबाईने त्या दिवशी जेवण केलं नाही आणि नवरा कामावरून आल्यावर त्याला सांगितलं की सुनेच्या अंगात आलं. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्यासमोर त्या काळ्या वाती ठेवल्या. त्याने एक उचलली, बोटांत चोळली, बोट धोतराला पुसलं आणि धोतरावरचा डाग बघत बसला.  दुसऱ्या दिवशी त्याने सुकी बाभळीची ढलपी आणून अंगणात टाकली.

तेव्हापासून शेक मी दिला. अंगणात, उघड्यावर, सुक्या लाकडांची चांगली मोठी आग करायची, तीत विटा तापवायच्या, आग निवू द्यायची आणि विटा जाड कापडात गुंडाळून बाजेवर पायाशी, पाठीशी ठेवायच्या. आत्याबाई दारातून बघायची आणि मोठ्याने म्हणायची, "विटा! लेकरासाठी घर बांधून राह्यली वाटते." मुलगी गोधडीत तोंड लपवून हसायची.

खोलीची खिडकी गल्लीकडे होती. एके दिवशी सकाळी शेजारणीने केर गोळा करून दारासमोर पेटवला, आमच्या खिडकीपासून हाताच्या अंतरावर. पन्न्या वितळून टपटपत होत्या, पुड्यांच्या चकाकणाऱ्या कडा काळ्या होत होत्या, मधे एका कंगव्याचे दात वाकत होते. पांढऱ्या नकाशावरच्या त्या गल्लीतून पिवळट, जाड धूर सरळ आमच्या खिडकीत आला. मी खिडकी लावली आणि फटींत दुपट्याच्या चिंध्या कोंबल्या. कोंबताना शेजारीण बाहेरून ओरडली.

"काऊन वं, उन्हाची वेळ अन् खिडकी लावली? लेकराले उजेड नाई पाहिजे का?"

एरवी मी काही न बोलता आत गेले असते. मी खिडकी बोटभर उघडली.

"तुमचा धूर येते," मी म्हणाले.

"आमचा?" ती म्हणाली. तिला खरंच नवल वाटलं होतं. तिने ढिगाकडे पाहिलं, मग गल्लीभर पाहिलं. प्रत्येक दारात एकेक ढीग धुमसत होता. मग ती माझ्याकडे बघून हसली. "अवो, कबाडी तं गेला नं!"

मी घागर उचलली, दार उघडलं आणि गल्लीत आले. सगळ्या बघत होत्या. माझे कान तापले होते, पाय आत पळायला बघत होते. तिच्या ढिगावर मी घागर ओतली. फस्स झालं आणि जो वास उठला तो पुन्हा माझ्या दाताला बसला. आत जाऊन मी चूळ भरली. मग वात केली आणि नातीचं नाक पुसलं.